मॅनिफोल्ड फुटला हे सांगतात, कशाने फुटला ते कोणी लिहून देत नाही

प्रश्न बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या एका गाडीमालकाचा आहे. १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, टर्बो नाही. चार वर्षं झाली, ५२,००० किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी बाहेरून सीक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) सीएनजी किट बसवलं, आरसीवर चढवलेलं आहे. महिनाभरापासून सकाळी स्टार्ट करताना मिसिंग, सिग्नलला उभी असताना आरपीएम वरखाली, आणि मग चेक लाइट. सर्व्हिस सेंटरने सांगितलं की इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटणारा भाग) क्रॅक आहे, नवा घालावा लागेल, गॅस्केट आणि लेबर धरून ३१,००० रुपये. एक्स्टेंडेड वॉरंटी पाचव्या वर्षापर्यंत घेतलेली आहे. पण काउंटरवर उत्तर मिळालं, ‘साहेब, बहारनी किट छे, आ वॉरंटीमां नथी आवतुं’ (बाहेरचं किट आहे, हे वॉरंटीत येत नाही), आणि विषय संपला.

ते तीन गोष्टी विचारतात. मॅनिफोल्ड खरंच गेला आहे का? वॉरंटी नाकारणं बरोबर आहे का? आणि व्हिडिओंत पाहिलं त्याप्रमाणे अमेरिकेत याच भागासाठी कंपन्यांनी लोकांना पैसे परत दिले, मग आपल्याला का नाही? इंजिनात पाणी जाईल ही भीतीही त्यांना वाटते.

मी मकरपुरा जीआयडीसीजवळ गॅरेज चालवतो. त्याआधी बरीच वर्षं एका डीलरकडे वॉरंटीच्या टेबलावर बसत होतो, त्यामुळे काचेच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार पाहिलेला आहे. माझं म्हणणं असं की मॅनिफोल्ड गेलाय की नाही हे तुमच्या गाडीच्या बाबतीत अजून कोणालाच नक्की माहीत नाही. गेला असेल तर वॉरंटीचा निकाल तो कशाने गेला यावर आहे, आणि ते ‘कशाने’ तुमच्याजवळच्या एकाही कागदावर लिहिलेलं नाही. तुम्ही पाठवलेल्या जॉबकार्डच्या फोटोत फक्त ‘इनटेक मॅनिफोल्ड रिप्लेस’ आहे. तो उपाय झाला. निदान कुठे आहे?

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे थ्रॉटल बॉडीतून (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेतून) आलेली हवा चारही सिलिंडरांना वाटून देणारी नळ्यांची पेटी. पूर्वी ॲल्युमिनियमची ओतीव असायची. आता बहुतेक गाड्यांत नायलॉनची असते, त्यात साधारण तीस टक्क्यांपर्यंत काचेचे तंतू मिसळलेले. प्लास्टिक म्हटलं की लोक नाक मुरडतात. निदान बडोदेकरांनी तरी मुरडू नये, नायलॉन-६ चे दाणे आपल्याच फर्टिलायझरनगरात जीएसएफसी ही खत कंपनी कॅप्रोलॅक्टम या रसायनापासून बनवते. नायलॉनचा मॅनिफोल्ड हलका असतो, आतून गुळगुळीत असतो, इंजिनची उष्णता हवेला कमी देतो आणि स्वस्त पडतो. भाग वाईट नाही, फक्त त्याच्या दुखऱ्या जागा वेगळ्या आहेत. दोन किंवा तीन तुकडे साच्यात काढून एकमेकांवर जोरात घासतात, त्या उष्णतेने ते चिकटतात. ती शिवण ही पहिली कमजोर जागा. दुसरी बोल्टची भोकं, जिथे आत धातूची छोटी नळी बसवलेली असते. कोणी बोल्ट अंदाजाने आवळले की तिच्याभोवती चीर जाते. तिसरी जागा बाहेर निघालेली बारीक नळकांडी, ज्यांवर ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) आणि ब्रीदरचा (इंजिनातली वाफ परत नेणारा) पाइप चढतो. आणि चौथी म्हणजे मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधली रबरी रिंग, जी मॅनिफोल्डचा भाग नसूनही त्याच्या नावावर सगळ्यात जास्त बिलं फाडते. कुकरची रिंग कडक झाली की वाफ बाजूने निसटते आणि आपण कुकर बदलत नाही, रिंग बदलतो. इथे मात्र सर्रास कुकर बदलला जातो.

आता निदान. गाडी स्टँडिंगला असताना मॅनिफोल्डच्या आत हवेचा दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो आणि बाहेर आपल्या बडोद्यात जवळपास १००. म्हणजे जिथे चीर असेल तिथून हवा आत ओढली जाते. एअर-फ्लो मीटर असलेल्या गाडीत ही चोरटी हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ (लीन) होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवत राहतो आणि शेवटी पी०१७१ हा कोड देतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत असा मीटर नाही, फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. तिथे दाब वाढलेला ईसीयूला दिसतो, तो पेट्रोलही त्या हिशेबाने सोडतो, आणि परिणाम दिसतो तो आरपीएम वर राहण्यात किंवा वरखाली होण्यात. ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेल्या दुरुस्तीचे, आकडे फारसे हलत नाहीत. चीर एकाच सिलिंडरच्या नळीजवळ असेल तर तेवढा एक सिलिंडर मिस करतो. तेव्हा ‘स्कॅनरवर लीन दाखवत नाही, म्हणजे लीक नाही’ किंवा ‘लीन दाखवतं, म्हणजे मॅनिफोल्ड फुटला’ ही दोन्ही वाक्यं घाईची आहेत.

तुमच्या गाडीत आणखी एक मेख आहे, सीएनजीची. बाहेरून बसवलेल्या किटचा ईसीयू मूळ ईसीयूच्या खांद्यावर बसून काम करतो. पेट्रोल इंजेक्टरला जाणारा सिग्नल तो पकडतो आणि त्यावरून गॅस किती सोडायचा ते ठरवतो. गॅसचं मॅपिंग नीट जुळवलेलं नसेल तर मूळ ईसीयू गॅसवर चालताना आपल्या शिकलेल्या ट्रिम बिघडवून घेतो, आणि मग पेट्रोलवरही गाडी रडते. अशा गाडीवर स्कॅनर लावून फक्त ‘लीन’ हा शब्द वाचला आणि मॅनिफोल्डवर बोट ठेवलं, तर ते निदान नव्हे. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढायचा, म्हणजे लाइट लागली तेव्हाचा आरपीएम, तापमान, ट्रिम सगळं हातात राहतं. मग ट्रिम रीसेट करून गाडी दोन-तीन दिवस नुसती पेट्रोलवर चालवायची आणि पुन्हा वाचायची. पेट्रोलवर निरोगी झाली, तर मॅनिफोल्डला हात लावायच्या आधी किटवाल्याकडे जा.

पेट्रोलवरही तसंच राहिलं तर स्मोक टेस्ट मागा. थ्रॉटलच्या तोंडाला बूच मारून, इंजिन बंद ठेवून, आत अगदी कमी दाबाने धूर सोडतात. जिथून धूर बाहेर येतो तिथे लीक. अर्ध्या तासाचं काम आहे, मशीन आता गल्लीतल्या काही गॅरेजांतही असतं. काही जण अजून चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का पाहतात. पद्धत जुनी आणि चालणारी आहे, पण गरम एक्झॉस्टवर तो उडाला तर पेट घेतो, म्हणून मी माझ्या गॅरेजातल्या मुलांना बंदी केली आहे. धूर कुठून येतो ते तुम्ही स्वतः उभं राहून पाहा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. नाही म्हणाले तर का नाही, ते विचारा.

मॅनिफोल्डच्या नावावर खपणारे इतर आरोपी बरेच आहेत. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला की पेट्रोल टाकीतली वाफ आणि हवा सतत आत येते. त्याचा पाइप काढून बोट धरलं आणि आरपीएम जागेवर आला, तर चोर सापडला. ब्रेक बूस्टरच्या पाइपचं टोक चिरतं. ब्रीदर किंवा पीसीव्हीचा रबर गळतो. इंजेक्टरच्या ओ-रिंगा. थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट. माझ्याकडे एक टॅक्सी आली होती, दुसरीकडे मॅनिफोल्ड बदलून, बिल भरून, आणि सिग्नलला तशीच थरथरत. पर्ज व्हॉल्व्ह निघाला. नव्या मॅनिफोल्डच्या किमतीपुढे तो व्हॉल्व्ह किरकोळ. ड्रायव्हर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

समजा, चीर खरोखरच सापडली. तर मॅनिफोल्ड काढल्यावर तो हातात घ्या आणि उजेडात धरा. वॉरंटीचं सगळं भांडण त्या चिरेत असतं.

बोटाने कडा चाचपून बघा. चिरेच्या कडा काळ्या, तेलकट, धूळ बसलेल्या असतील तर ती चीर जुनी आहे, सावकाश वाढली आहे. शिवणीवर असेल आणि आजूबाजूला कशाचाही मार नसेल तर जोडणीतच खोट होती, असं म्हणायला जागा आहे. याउलट कडा स्वच्छ, पांढरट आणि तुकडा बाहेरच्या बाजूला उसळलेला असेल तर एका क्षणात फुटलं आहे. सीएनजी गाडीत याचं नेहमीचं कारण बॅकफायर. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते; प्लग झिजलेला, कॉइल दमलेली किंवा मिश्रण पातळ असेल तर ठिणगी चुकते, आणि पुढच्या वेळी आग उलटी मॅनिफोल्डमध्ये येते. जुन्या मिक्सर किटमध्ये तर अख्खा मॅनिफोल्ड गॅसच्या मिश्रणाने भरलेला असायचा, त्यात हे फार व्हायचं. सीक्वेन्शियलमध्ये गॅस व्हॉल्व्हजवळ आणि वेळेवर सुटतो, म्हणून कमी होतं, पण होतं. तेव्हा मोठा आवाज होतो, एअर फिल्टरची पेटी फाटते किंवा पाइप उडतो. तुम्हाला असा आवाज आठवतो का? तुमच्या प्रश्नात तो नाही, आणि तुमची तक्रार महिनाभर हळूहळू वाढत गेली आहे. हा मुद्दा तुमच्या बाजूचा.

पण तिसरी शक्यता तुमच्या विरुद्ध जाते. सीक्वेन्शियल किट बसवताना मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांना भोकं पाडून गॅसच्या नोझल लावतात. चांगला फिटर मॅनिफोल्ड उतरवून, बारीक ड्रिलने, कडा साफ करून, सगळ्या नोझल इंजिनाच्या सारख्याच अंतरावर लावतो. घाईतला फिटर गाडीवरच ड्रिल चालवतो, प्लास्टिकचा चुरा आत पडतो, आणि तिरपी नोझल जोर लावून आवळतो. अशा भोकापासून केसासारखी चीर निघाली असेल, तर ती गाडीच्या कंपनीच्या गळ्यात घालता येणार नाही. ते भांडण किटवाल्याशी. त्याने बिल आणि फिटिंगचा कागद दिलेला असेल, तो शोधून ठेवा.

आणि हो, जुना भाग सोडून येऊ नका. पैसे तुम्ही भरणार असाल तर तो भाग तुमचा आहे. वॉरंटीत बदलला तर तो कंपनीला परत जातो, तेव्हा आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, चिरेशेजारी मोजपट्टी धरून, भागावरचा नंबर दिसेल असा. पैसे भरून बदलत असाल तर काम सुरू होण्यापूर्वीच जॉबकार्डवर ‘जुना भाग ग्राहकाला परत’ असं लिहून घ्या. नंतर मागितला की तो भंगारात गेलेला असतो, दर वेळी.

वॉरंटीच्या टेबलामागे काय चालतं तेही सांगतो. डीलर आधी आपल्या पैशाने काम करतो, मग कंपनीकडे क्लेम टाकतो. भागाची किंमत मिळते. मजुरी मात्र कंपनीने ठरवलेल्या तासांप्रमाणे आणि बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाच्या दरापेक्षा कमी. जुना भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा लागतो, कंपनीचा माणूस येऊन बघतो किंवा मागवून घेतो. कागद कच्चा निघाला तर क्लेम परत फिरतो आणि रक्कम डीलरच्या खात्यातून कापली जाते. त्यामुळे प्रकरणात थोडी जरी शंका असेल, जसं तुमच्याकडे गॅस किट आहे, तर ॲडव्हायझरला सगळ्यात सोपं काय? तोंडी नाही म्हणणं. कित्येकदा ‘कंपनीने रिजेक्ट केला’ असं सांगतात तो क्लेम मुळात टाकलेलाच नसतो. म्हणून काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा एक ई-मेल करा: माझ्या गाडीचा क्लेम नोंदवला आहे का, असल्यास त्याचा क्रमांक काय, नाकारला असल्यास कोणत्या अटीखाली आणि भाग कोणत्या कारणाने निकामी झाला असं ठरवून. प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला. या पत्राला उत्तर देताना मात्र कारण लिहावंच लागतं.

दुसरं, वॉरंटीचं पुस्तक काढा. मूळ वॉरंटी आणि एक्स्टेंडेड वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ वॉरंटी कंपनीची. तिची मुदत कंपनीगणिक आणि काळागणिक बदलते. मारुतीची जुलै २०२४ पर्यंत २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर होती, त्यानंतर ३ वर्षं किंवा १ लाख झाली. एक्स्टेंडेड हा विकत घेतलेला स्वतंत्र करार, कधी कंपनीचा तर कधी मागे विमा कंपनी असलेला, आणि त्याची वगळलेल्या भागांची यादी मूळपेक्षा लांब. रबर, गॅस्केट, पाइप, झीज, कार्बन साचणं हे सहसा वगळलेलं असतं. म्हणजे मॅनिफोल्ड वॉरंटीत, पण त्याची रिंग नाही, असं होऊ शकतं. गॅस किटबद्दलची ओळ दोनदा वाचा. ‘बाहेरच्या किटमुळे झालेलं नुकसान’ वगळलं असेल तर नुकसान किटमुळे झालं हे त्यांनी दाखवायला हवं. ‘बाहेरून किट बसवल्यास वॉरंटी संपुष्टात’ असं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे, हे मी गोड शब्दांत सांगणार नाही.

दांडिया बाजारातल्या एका निवृत्त शिक्षिकेची गाडी मला आठवते. नुसती पेट्रोल, किट वगैरे काही नाही, वॉरंटी संपून काही महिने झालेले. जॉबकार्डवर ‘मॅनिफोल्ड डॅमेज, एक्स्टर्नल’ असा शेरा, म्हणजे बाहेरून काहीतरी आपटलं. बाईंनी बिल भरलं, पण जुना मॅनिफोल्ड मागून घेतला आणि पिठाच्या पिशवीत घालून माझ्याकडे आणला. चीर खालच्या अंगाला, शिवणीवर, कडा तेलाने काळ्याभोर. त्या जागी बाहेरून काही आपटणं शक्यच नव्हतं. मग मी त्यांना जुनी सगळी जॉबकार्डं आणायला सांगितली. शाळेतल्या माणसांचं एक बरं असतं, कागद फायलीत असतात. वॉरंटी चालू असतानाच्या एका कार्डावर ‘उभी असताना थरथरते’ ही तक्रार नोंदलेली होती, आणि पुढे ‘थ्रॉटल बॉडी क्लीन केली, ओके’. तक्रार मुदतीतली, उपाय चुकला. तेवढे दोन कागद आणि फोटो जोडून त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने भागाची किंमत परत केली, मजुरी बाईंच्या अंगावर राहिली. याला धंद्यात गुडविल म्हणतात. मुदत संपलेली असली तरी कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरला तो अधिकार असतो, डीलरला नसतो. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि सगळ्या सर्व्हिस वेळेवर त्यांच्याकडेच केलेल्या असतील तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

यावरून तुमच्यासाठी: जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘सकाळी थंड इंजिनवर मिसिंग, स्टँडिंगला आरपीएम वरखाली, चेक लाइट चालू’ असंच हवं, तारीख आणि किलोमीटरसकट.

पत्राने भागलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीच्या ठरलेल्या माणसाकडे जाते, आणि बऱ्याच किरकोळ गोष्टी तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्ह्यात चालतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-मेलची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ती आपोआप लांबत नाही, हे लोक विसरतात. आयोग भाग प्रयोगशाळेत पाठवायला सांगू शकतो. प्लास्टिकची चीर असेल तर अहमदाबादला सिपेटसारखी संस्था आहे. पण तपासायला भाग तर हवा, म्हणून पुन्हा सांगतो, तो भंगारात जाऊ देऊ नका.

मागणी मात्र मापात ठेवा. ‘गाडीच बदलून द्या’ असं लिहिणारे बरेच जण हरतात. २००६ साली मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची असेल तर जबाबदारी तेवढीच, अख्खी गाडी बदलण्याची नाही. भागाची किंमत, मजुरी, गाडी उभी होती त्या दिवसांचा खर्च, मनस्तापाची माफक भरपाई, एवढं मागा.

बाहेर काम केल्याने सरसकट वॉरंटी जाते का, या वादात एक जुना आदेश उपयोगी पडतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, हा ठपका होता. स्वतंत्र गॅरेजात काम केलं एवढ्यावरून वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामाने नुकसान झालं असेल तरच ती नाकारावी, असंही त्यात होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, दंडाची गणितं बदलली, त्यामुळे कोर्टात तो हुकमाचा एक्का नाही. पत्रात उल्लेख करायला मात्र चांगला आहे. आणि एक फरक लक्षात ठेवा: बाहेर ऑइल बदलणं वेगळं, मॅनिफोल्डला चार भोकं पाडणं वेगळं.

आता अमेरिका. तुम्ही जे व्हिडिओ पाहिले ते बहुधा फोर्डच्या ४.६ लिटर व्ही-८ इंजिनाचे. क्राउन व्हिक्टोरिया, म्हणजे तिकडच्या पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी, लिंकन टाउन कार, मस्टँग वगैरे. व्ही आकाराच्या इंजिनात मॅनिफोल्ड दोन ओळींच्या मधल्या खोबणीत बसतो आणि त्या फोर्डमध्ये त्याच्या पुढच्या तोंडातून गरम कूलंटही जायचं. संपूर्ण नायलॉनचा तो पूल गरम ग्लायकॉल आणि तापमानाच्या चढउताराने तडकायचा आणि कूलंट गळायचं. नंतर तेवढा तुकडा ॲल्युमिनियमचा केला गेला. मालकांनी मिळून दावा लावला, २००५ साली तडजोड झाली आणि त्या भागाची मुदत विक्रीपासून सात वर्षं धरली गेली. तुमच्या सरळ चार सिलिंडरच्या गाडीत मॅनिफोल्डमधून असं मुख्य कूलंट फिरत नाही. त्यामुळे ‘इंजिनात पाणी जाईल’ ही तुमची भीती तिथून उसनी घेतलेली आहे, सोडून द्या.

फोक्सवॅगनची गोष्ट आपल्याला जरा जवळची. त्यांच्या २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनात मॅनिफोल्डच्या आत हवेला वळण देणाऱ्या झडपा असतात. त्यांची यंत्रणा झिजते किंवा कार्बनने अडते आणि पी२०१५ कोड येतो. अमेरिकेत कंपनीने त्या मॅनिफोल्डची मुदत १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली. भारतातल्या गाडीला ती लागू होत नाही, कारण अशा वाढीव मुदती त्या त्या देशापुरत्याच दिलेल्या असतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या आणि डिझेलच्या गाड्यांत मॅनिफोल्ड फुटण्यापेक्षा तुंबण्याचा त्रास जास्त. डिझेलमध्ये ईजीआरची (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात वळवणाऱ्या यंत्रणेची) काजळी आणि ब्रीदरचं तेल मिळून डांबरासारखा थर बसतो, मी अर्ध्याहून अधिक बुजलेल्या नळ्या पाहिल्या आहेत. तो मुद्दा तुमच्या गाडीचा नाही, म्हणून पुढे जातो.

मग आपल्याकडे का नाही? कारण तिथे हजारो मालकांनी एकाच भागावर, एकाच कारणावर बोट ठेवलं. आपल्याकडे जॉबकार्डवर कारणच लिहिलेलं नसल्याने एकाची तक्रार दुसऱ्याशी जुळतच नाही. रिकॉलची कायदेशीर तरतूद आपल्याकडेही १ एप्रिल २०२१ पासून आहे, पण ती सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषांसाठी. आणि कंपनीच देश सोडून गेली तर? गुजरातने ते दोनदा पाहिलंय. हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना २०१७ साली बंद झाला, तिथे आता एमजी आहे. फोर्डने २०२१ साली भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं आणि साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. त्या गाड्यांचे मॅनिफोल्ड कित्येकदा भंगार बाजारातून शोधून आणावे लागतात, तेव्हा तुम्हाला निदान नवा भाग मिळतोय यात समाधान माना.

बदलायचाच झाला तर: एम-सील लावून पाठवणारे गॅरेजवाले आहेत. बाहेरून पाइपच्या नळकांड्याला तात्पुरतं ठीक, पण शिवणीवर नको. आतला तुकडा सुटला तर थेट व्हॉल्व्हवर जातो. रिंगा नव्याच घालाव्यात. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टॉर्क रेंचने, त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. इम्पॅक्ट गन दिसली तर थांबवा. काम झाल्यावर थ्रॉटलचं रीलर्न करून घ्या, आणि गॅसच्या नोझल नव्या मॅनिफोल्डवर बसवण्याचं काम कोण करणार हे आधीच ठरवा. सर्व्हिस सेंटर ते करणार नाही. किटवाल्याला बोलावलंत तर मॅनिफोल्ड टेबलावर असतानाच भोकं पाडायला लावा, आणि मॅपिंग नव्याने.

तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, पण पेट्रोलवर. गॅसवर अजिबात नको. चिरेने मिश्रण पातळ झालेलं असताना बॅकफायर झाला तर हळूहळू वाढलेली चीर एका दणक्यात फुटेल, आणि मग ती जुनी होती हे दाखवायला तुमच्याकडे काही उरणार नाही. चेक लाइट नुसती लागलेली असेल तर सावकाश चालवा. लुकलुकायला लागली तर मिसफायर जोरात आहे, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय, आणि तो जळाला तर ३१,००० हा आकडा स्वस्त वाटेल. तेव्हा तिथेच बाजूला घ्या आणि टो करून आणा. स्मोक टेस्टचा व्हिडिओ आणि जॉबकार्डं पाठवलीत तर चीर कुठली आहे ते मी बघून सांगेन.